करारावर सह्या झाल्या, आता वर्गात काय बदलायचं? चार महाविद्यालयांच्या एकत्रित अध्यापन-प्रकल्पाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: नाशिक शहर आणि आसपासच्या चार महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी पहिल्या वर्षाचं शिकवणं मिळून सुधारायचं ठरवलं आहे. सामंजस्य करार झाला, उद्घाटनाचं व्याख्यानही झालं. आता पुढे नेमकं काय करायचं, किती माणसं लागतील, किती वेळ जाईल, आणि सुधारणा झाली हे ओळखायचं कशावरून?

पहिली गोष्ट म्हणजे, ‘रसायनशास्त्र’ एवढा मोठा विषय हातात घेऊ नका. एक अडणारी जागा निवडा. मुलं दरवर्षी जिथे अडखळतात आणि जी न कळल्यामुळे पुढचे दोन-तीन पेपर जड जातात अशी जागा. पहिल्या वर्षाला ती बहुतेक ठिकाणी मोल (पदार्थाची मात्रा मोजायचं एकक) आणि द्रावणाची संहती (ठरावीक द्रावणात किती पदार्थ आहे ते, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन) हीच असते. अनुमापनाचं (टायट्रेशनचं) गणित, समतोल, आम्ल-आम्लारी, पुढे विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचं सगळं या एका खांबावर उभं आहे. चार महाविद्यालयांनी एका सत्रात एवढी एक जागा नीट केली तर ते भरपूर काम झालं. ‘अध्यापनात नवोपक्रम’ असं नाव घेऊन निघालेले प्रकल्प दुसऱ्याच महिन्यात विरतात, कारण सोमवारी सकाळच्या तासाला नेमकं काय वेगळं करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं.

माणसं किती? प्रत्येक महाविद्यालयातून दोन शिक्षक, म्हणजे आठ. एकच घेतला आणि त्याची बदली झाली किंवा तो दीर्घ रजेवर गेला, तर ते महाविद्यालय प्रकल्पातून गळलंच. बारापेक्षा जास्त झाले की बैठकीची तारीख ठरवण्यातच सत्र जातं. आठांपैकी एकाने समन्वयक व्हायचं आणि त्याच्या कार्यभारात आठवड्याला तीन तास लेखी धरून घ्यायचे. तोंडी आश्वासन परीक्षेच्या कामाच्या पहिल्या लाटेत वाहून जातं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा प्रश्न इथेच सोडवा. पहिल्या वर्षाचे वर्ग पुष्कळदा त्यांच्याकडेच असतात, आणि त्यांना फक्त घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. बैठक, वर्गनिरीक्षण, पेपर तपासणी हे सगळं त्यांच्याकडून फुकट करून घेणं अन्यायाचं आहे आणि ते टिकतही नाही. प्रकल्पाच्या खर्चात सगळ्यात आधी त्यांचं मानधन लिहा, मग छपाई, मग प्रवास. फ्लेक्स आणि सत्काराच्या शाली राहिल्या तरी चालेल.

वेळापत्रकाचं म्हणाल तर काम सम (वर्षाच्या दुसऱ्या) सत्रात सुरू करा आणि प्रयोग विषम (पहिल्या) सत्रात करा. जानेवारी ते मार्च या काळात द्राक्षाची काढणी जोरात असते. निफाड, दिंडोरीकडच्या मुलांची हजेरी तेव्हा पडते आणि अशा हजेरीवर काहीच मोजता येत नाही. पण प्रश्न गोळा करायला हाच काळ चांगला. सध्याच्या पहिल्या वर्षाच्या चाळीस-पन्नास मुलांना पर्याय न देता सहा-सात प्रश्न द्या आणि उत्तरामागचं कारण दोन ओळींत मराठीत लिहायला सांगा. गुण नाहीत, नावही नको. त्या कागदांवर जी चुकीची उत्तरं पुन्हा पुन्हा दिसतील, तेच तुमच्या चाचणीचे पर्याय. शिक्षकांनी खुर्चीत बसून कल्पनेने रचलेले चुकीचे पर्याय मुलं कधी निवडतच नाहीत, आणि मग प्रश्न फारच सोपा असल्याचा भास होतो.

नमुन्यादाखल एक प्रश्न. बोर्डो मिश्रणाची (द्राक्षावर फवारायच्या बुरशीनाशकाची) तयारी आपल्याकडच्या निम्म्या मुलांनी घरी पाहिलेली असते. एक टक्का बोर्डोच्या 100 लिटरला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना लागतो, आणि दोन्हींची द्रावणं वेगवेगळी करून मग एकत्र करतात. म्हणून प्रश्न असा:

1 किलो मोरचुदाचं 50 लिटर द्रावण तयार केलं. त्यातलं 10 लिटर बादलीत काढून घेतलं आणि बादलीत 10 लिटर साधं पाणी घातलं. आता बादलीत मोरचूद किती आणि संहतीचं काय झालं?
अ) 200 ग्रॅम, संहती निम्मी
ब) 100 ग्रॅम, संहती निम्मी
क) 200 ग्रॅम, संहती तीच
ड) 100 ग्रॅम, संहती तीच

बरोबर उत्तर अ. ‘ब’ निवडणाऱ्याला वाटतं की पाणी घातलं की पदार्थच कमी होतो. ‘क’वाल्याला पदार्थ तेवढाच राहतो हे कळलंय, पण संहती म्हणजे दर लिटरमागे किती पदार्थ की एकूण पदार्थ किती यात तो गोंधळला आहे. या दोघांना एकच स्पष्टीकरण देऊन उपयोग नाही, आणि चुकीचे पर्याय नीट बनवायचे ते यासाठीच. याच धाटणीचा प्रश्न ‘जीए’वरही (जिबरेलिक आम्ल, द्राक्षाला देतात ते वाढीचं संजीवक) होतो: 1 ग्रॅम जीए 100 लिटर पाण्यात म्हणजे 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग). हे गणित बागायतदाराच्या मुलाला तोंडपाठ असतं, पण त्यालाच वर्गात मिलिग्रॅम प्रति लिटर विचारलं की तो गप्प बसतो. आणखी दोन जागा चाचणीत हव्याच. एक, स्फटिकजल विसरणं: मोरचुदाचा रेणुभार पाण्यासकट 249.7, पाण्याविना 159.6, आणि प्रयोगशाळेतल्या बाटलीत असतं ते पाण्यासकटचं. दोन, ‘एक लिटर पाण्यात घालणं’ आणि ‘एक लिटरपर्यंत भरणं’ यातला फरक.

असे बारा प्रश्न पुरतात, वीस मिनिटांत होतात. पूर्वपरीक्षण म्हणून दुसऱ्या वर्षाच्या एका वर्गाला द्या. ज्या प्रश्नाचं उत्तर 80 टक्क्यांहून जास्त मुलांना येतं तो काढा. ज्याचं 20 टक्क्यांहून कमी जणांना येतं त्याची भाषा तपासा; पुष्कळदा खोट विषयात नसून वाक्यात असते. एकूण चांगले गुण मिळवणारी मुलं जर एखाद्या प्रश्नात कच्च्या मुलांइतकीच चुकत असतील, तर तो प्रश्न काही मोजत नाही, तोही काढा.

हीच चाचणी सत्राच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा तेराव्या आठवड्यात घ्यायची. गुण द्यायचे नाहीत. गुण दिले की प्रश्न मोबाइलवर फिरतात आणि दुसऱ्या वेळी तुम्ही पाठांतर मोजता. प्रश्नपत्रिकांवर क्रमांक टाका, मोजून द्या, मोजून परत घ्या.

आता हिशेब. सरासरी किती वाढली एवढंच पाहिलं तर ज्या महाविद्यालयात मुळातच चांगल्या गुणांची मुलं येतात त्यांच्याशी तुलना फसवी होते. म्हणून वाढीला, वाढायला जेवढी जागा होती तिने भागायचं. आधी 35 टक्के होते, नंतर 61 झाले. वाढ 26, जागा होती 65 ची, म्हणजे 0.40. अमेरिकेत रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये भौतिकशास्त्राच्या 62 अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा असाच हिशेब मांडला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत हा आकडा सरासरी 0.23 आला, मुलांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत 0.48. तुमच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नका, कारण विषय आणि चाचणी वेगळी. पण 0.2 च्या आसपास राहिलात तर वर्गात फारसं काही बदललेलं नाही, एवढं मनाशी धरा.

इथली सगळ्यात मोठी चूक सांगतो. पहिल्या चाचणीला 60 मुलं बसतात, शेवटच्या चाचणीला 41. मधल्या काळात जी गेली त्यांत कच्ची मुलं जास्त असतात, त्यामुळे सरासरी आपोआप वाढते आणि अहवालात ‘यश’ म्हणून छापली जाते. ज्यांनी दोन्ही चाचण्या दिल्या त्यांचाच हिशेब करा, आणि किती जण गळले हा आकडा त्याच्या शेजारीच लिहा. तो लपवलात तर तुम्ही स्वतःलाच फसवता. तुलनेसाठी पहिल्या सत्रात दोन महाविद्यालयांनी नवी पद्धत सुरू करावी, उरलेल्या दोघांनी नेहमीसारखं शिकवून फक्त चाचण्या घ्याव्यात. पुढच्या वर्षी त्यांनीही सुरू करावी. कुणी कायमचं वंचित राहत नाही आणि तुलनाही मिळते.

वर्गात काय करायचं, तर एकच पद्धत चौघांनी नीट शिका. हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर यांनी 1991 पासून वापरात आणलेली पद्धत आपल्या वर्गांना चांगली लागू पडते. दहा-बारा मिनिटं शिकवा, मग वरच्यासारखा एक प्रश्न फळ्यावर. दीड मिनिट पूर्ण शांतता. मग ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम आपल्या उत्तराचं (अ, ब, क किंवा ड) कार्ड वर धरायचं. बरोबर उत्तरं 30 टक्क्यांच्या खाली असतील तर पुन्हा समजावून सांगा, चर्चा लावू नका. कुणालाच येत नसताना चर्चेतून चुकाच पसरतात. 70 च्या वर असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे. मधल्या पट्ट्यात असतील तर शेजाऱ्याला पटवून द्यायला तीन मिनिटं, पुन्हा मत, आणि मगच उत्तर. एका प्रश्नाला सात-आठ मिनिटं जातात, म्हणजे 48 मिनिटांच्या तासात दोन प्रश्न, 60 मिनिटांच्या तासात फार तर तीन.

मोबाइलवरून मतदान घेण्याचा मोह टाळा. वर्गात नेटवर्क एकसारखं नसतं, दहा जणांचा डेटा संपलेला असतो, आणि पाच मिनिटं ‘सर, लॉगिन होत नाही’ यात जातात. चार रंगांच्या कार्डशीटचे पोस्टकार्डाएवढे तुकडे, त्यावर अ, ब, क, ड. साठ मुलांना 240 तुकडे, दोन-तीन सत्रं सहज टिकतात. रंगांमुळे समोरून नजर फिरवली की अंदाज येतो. कार्डं एकदम वर यायला हवीत. मागेपुढे आली की मागची मुलं पुढच्यांची पाहून बदलतात. लांब, जमिनीला ठोकलेल्या बाकांवर शेजारी बोलणं दोघा-दोघांतच होतं. म्हणून विषम रांगांना मागे वळायला सांगा, चार जणांचे गट आपोआप होतात.

हुशार मुलंच याला पहिल्यांदा विरोध करतील: ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.’ हे अपेक्षित आहे. हार्वर्डमध्येच 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की अशा वर्गात मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं, कारण डोक्याला ताण पडला. पहिल्याच तासाला हे मुलांना सरळ सांगा. 2014 मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीच्या 225 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणारे सुमारे 34 टक्के होते, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 22 टक्के. हा आकडा पालकसभेतही सांगण्यासारखा आहे.

भाषेकडे वेगळं लक्ष द्या. सुरगाणा, पेठ, कळवणकडून आलेल्या मुलांनी दहावीपर्यंत ‘संहत’ आणि ‘विरल’ शिकलेलं असतं. अकरावीत तेच शब्द ‘कॉन्सन्ट्रेटेड’ आणि ‘डायल्यूट’ होऊन आले आणि जुनं ज्ञान मागेच राहिलं. साठ-सत्तर शब्दांची द्विभाषी यादी एका पानावर छापून वहीत चिकटवायला द्या. चर्चा मराठीत, अहिराणीत, ज्याला जशी येईल तशी होऊ द्या; उत्तर लिहायचं ते परीक्षेच्या भाषेत. आणि चाचणीचे प्रश्न दोन्ही भाषांत छापा, नाहीतर तुम्ही इंग्रजी मोजाल आणि नाव रसायनशास्त्राचं लावाल.

चार महाविद्यालयं एकत्र येण्याचा खरा फायदा एकमेकांच्या वर्गात जाऊन बसण्यात आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं. जपानमधल्या शाळांत ‘लेसन स्टडी’ नावाने ही पद्धत कित्येक दशकं चालू आहे: तिघा-चौघांनी मिळून एक पाठ आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी पाहायचा, सुधारून दुसऱ्याने पुन्हा शिकवायचा. पाहणाऱ्याने शिक्षकाकडे पाहायचं नाही, मुलांकडे पाहायचं. प्रत्येक निरीक्षकाने बाजूला बसून ठरलेली चार-पाच मुलं धरायची आणि दर दोन मिनिटांनी एक खूण करायची: ऐकतायत, लिहितायत, आपसात विषयावर बोलतायत, प्रश्न विचारतायत, की भलतीकडेच आहेत. तासाअखेर चोवीस-पंचवीस खुणा होतात. ‘छान झाला तास’ या शेऱ्यापेक्षा त्या कितीतरी जास्त सांगतात. उदाहरणार्थ, फळ्यावर लांब गणित चालू असताना चौदाव्या मिनिटापासून बाविसाव्यापर्यंत मागच्या चारही मुलांनी फक्त उतरवून घेतलं, एकदाही मान वर केली नाही. हे शिकवणाऱ्याला फळ्याकडे तोंड असताना दिसूच शकत नाही.

चर्चा त्याच दिवशी, चहाबरोबर, अर्ध्या तासात. शिकवणाऱ्याने आधी बोलायचं. बाकीच्यांनी खुणांवरूनच बोलायचं, स्वभावावरून नाही. या नोंदी प्राचार्यांकडे, विभागप्रमुखांकडे, किंवा वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलीत जाणार नाहीत हे चारही प्राचार्यांकडून आधीच लेखी घ्या. एकदा जरी अशी नोंद कुणाच्या पदोन्नतीच्या वेळी बाहेर आली, तर पुढे वर्गात फक्त सजवलेले तास दिसतील. गुणवत्ता कक्षाला नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेसाठी) पुरावा लागतोच, त्यासाठी दर महिन्याला एक पानाचं टिपण आणि एक जिओटॅग फोटो द्या. तेवढ्यावर थांबा.

अभ्यासक्रम पुण्याच्या विद्यापीठाचा, तो संलग्न महाविद्यालयांना बदलता येत नाही. पण अंतर्गत मूल्यमापन तुमच्या हातात आहे. तिथे एक समान उपक्रम ठेवा, आणि तपासणी एकसारखी होते का ते पाहा. दहा उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती आठही जणांनी स्वतंत्र तपासायच्या, एकमेकांचे गुण न बघता. दहापैकी दोन गुणांहून जास्त फरक जिथे पडेल तिथेच बोला. बहुतेक फरक ‘पायरी बरोबर, उत्तर चूक’ आणि ‘एकक लिहिलं नाही’ या दोन ठिकाणी निघतो. त्यावर एकदा नियम ठरला की मुलांना काय अपेक्षित आहे हेही स्पष्ट सांगता येतं.

प्रात्यक्षिकांसाठी नाशिकला एक सोय आहे जी दुसऱ्या शहरांना सहज मिळत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून इथे आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांत शिक्षकांना अध्यापन-मूल्यमापनाचं प्रशिक्षण देणारे विभाग असावेच लागतात. त्यांच्याकडची टप्प्याटप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा शिकून घ्या. आठ टेबलं, प्रत्येकावर एकच छोटं काम आणि चार मिनिटं: ब्युरेटचं वाचन डोळ्याच्या पातळीवर घेणं, पिपेट आधी त्याच द्रावणाने विसळणं, मापन-कुपी खुणेपर्यंत भरणं, दिलेल्या द्रावणातून दहापट विरल करणं. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. परीक्षकाच्या हातात पाच-सहा खुणांची यादी, मत नाही. आठ मुलांची तुकडी 32 मिनिटांत होते, जागा बदलायचा वेळ धरून चाळीस. नेहमीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत उत्तर जुळलं की गुण मिळतात, आणि पिपेट कशी धरली हे कुणी पाहत नाही. इथे तेच पाहिलं जातं. गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासूनचं. विद्यार्थ्याने शिक्षकाविना वाचून शिकावं अशी पुस्तकं लिहिण्याचा सराव तिथल्या लेखकांना आहे. गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी तुमची टिपणं तशी लिहायची असतील तर त्यांच्या एखाद्या संपादकाला दोन तास बोलवा.

दुसऱ्या वर्षाची दोन मुलं प्रत्येक वर्गाला जोडा. त्यांनी दर आठवड्याला ‘या आठवड्यात न कळलेलं एक वाक्य’ अशा चिठ्ठ्या गोळा करून, वर्गवारी करून शिक्षकांना द्यायच्या. कमवा व शिका योजनेत हे काम बसतं का ते विद्यार्थी विकास कक्षात आधीच विचारा, म्हणजे त्यांना तासाचे पैसे मिळतील. चिठ्ठ्यांवर नाव नको. चाचणीच्या कागदांवरही नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, आणि क्रमांकांची यादी ज्या त्या महाविद्यालयातच राहू द्या. पुढे हे काम कुठे छापायचं असेल तर मुलांची लेखी संमती लागेल. पहिल्या वर्षाची बरीच मुलं प्रवेशाच्या वेळी अठराची नसतात, त्यांच्या पालकांचीही सही हवी. ती सत्र संपल्यावर गोळा करणं अशक्यच, पहिल्याच आठवड्यात घ्या.

बैठका महिन्यात एकच, दीड तासाची, फिरत्या महाविद्यालयात. शनिवारी दुपारी तीनला सगळ्यांना जमतं, पण कळवणहून येणाऱ्यांना परतीची एसटी मिळेल अशा वेळी संपवा. बैठकीत एकच कागद समोर हवा: मागच्या महिन्याच्या प्रश्नांची उत्तरं, महाविद्यालयवार टक्केवारी. ज्या प्रश्नाला एका महाविद्यालयात दुसऱ्या मतदानानंतर बरोबर उत्तरं 40 वरून 75 टक्क्यांवर गेली आणि दुसऱ्या ठिकाणी 45 वरच राहिली, त्यावर पूर्ण दीड तास घालवा. दोघांनी तो प्रश्न कसा मांडला, फळ्यावर काय काढलं, चर्चेला किती वेळ दिला हे अक्षरशः करून दाखवा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हा. त्या दीड तासात जे हाती लागतं ते कुठल्याच कार्यशाळेत मिळत नाही.

एक शेवटची सूचना वेळापत्रकाची. 2027 मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची स्नानं आहेत. त्या काळात शहरातली वाहतूक आणि हजेरी दोन्ही कोलमडणार, पंचवटीकडच्या महाविद्यालयांची तर जास्तच. दुसऱ्या दोन महाविद्यालयांची पाळी त्या सत्रात येत असेल, तर संहतीचा भाग आधी उरकण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये ढकला. तेव्हा द्राक्षाची छाटणी चालू असते, आणि पुढच्या महिना-दीड महिन्यात मुलांच्या घरी जीएचं पाणी कालवायला सुरुवात होते.